छोट्या व्यवसायासाठी परवडणारी फोन यंत्रणा: आधी मोजणी, संच शेवटी

नवा व्यवसाय थाटणारा माणूस फोन यंत्रणेचा विचार करू लागला, की बहुतेक वेळा पहिल्यांदा टेबलावर ठेवायचे फोनसंच पाहू लागतो. पडदा रंगीत आहे का, बटणे किती आहेत, रिसीव्हर देखणा आहे का, याची तुलना होते, आणि संच जागेवर येऊन पडल्यावर कळते, की आपला नेटवर्क स्विच (जाळ्याच्या तारा एकत्र जोडणारी पेटी) त्यांना वीज देऊ शकत नाही, जुनी लाइन त्यांत लागत नाही, किंवा एकाच वेळी दोनच कॉल बाहेर जाऊ शकतात. संच ही या खरेदीतली शेवटची वस्तू असावी. त्याआधी कॉलची मोजणी, मग यंत्रणेचे केंद्र, मग जाळे आणि वीज, असा क्रम धरला तर पैसे नेमके कुठे घालायचे हे आपोआप स्पष्ट होत जाते. हा लेख त्याच क्रमाने जातो.

पहिली पायरी: मोजणी

कर्मचारी किती आहेत यापेक्षा एकाच वेळी किती कॉल चालू असतात, हा आकडा महत्त्वाचा असतो. तो अंदाजाने ठरवू नये. एक आठवडा फोनजवळ वही ठेवावी आणि बाहेरून आलेला व बाहेर गेलेला प्रत्येक कॉल किती वाजता सुरू झाला व किती मिनिटे चालला, एवढेच त्यात लिहावे. आठवड्याच्या शेवटी सर्वात गर्दीचा एक तास शोधावा आणि त्या तासातल्या सगळ्या कॉलच्या मिनिटांची बेरीज करावी.

पुढचे गणित शंभर वर्षांहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ ए. के. एरलँग यांनी १९०९ आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांतून ते आले, आणि वाहतुकीचे, म्हणजे फोनवरच्या बोलण्याच्या वर्दळीचे, एकक आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तासाभरात एकूण ६० मिनिटे बोलणे झाले, तर ती वाहतूक १ एरलँग. समजा, दहा माणसांच्या कार्यालयात गर्दीच्या तासात प्रत्येकाचे सरासरी ६ मिनिटे बाहेरचे बोलणे होते. म्हणजे बरोबर १ एरलँग. एवढ्या वाहतुकीला ४ लाइन ठेवल्या तर शंभरातील सुमारे दीड कॉलला लाइन व्यस्त मिळते, आणि ५ लाइन ठेवल्या तर हजारातील तीनच कॉल अडतात. बोलणे दुप्पट होऊन १२० मिनिटांवर गेले, तर लाइन दुप्पट कराव्या लागत नाहीत. ६ लाइन असताना शंभरात सव्वा कॉलच्या आसपासच अडतो. म्हणूनच दहा माणसांसाठी दहा लाइन घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याचे कारण अवश्य विचारावे.

या हिशेबात दोन गोष्टी सहज निसटतात. होल्डवर ठेवलेला कॉल लाइन अडवूनच बसलेला असतो. आणि आलेला कॉल यंत्रणेतून कोणाच्या मोबाइलकडे वळवला, तर एक लाइन येण्यासाठी आणि दुसरी जाण्यासाठी, अशा दोन लाइन खर्ची पडतात. फिरतीवरची माणसे जास्त असतील तर बेरीज करताना अशा कॉलची मिनिटे दोनदा धरावीत. शिवाय कॉल दिवसभर विस्कळीतपणे येतात असे हे सूत्र मानते. जाहिरात झळकताच सगळे एकदम फोन करतील अशा व्यवसायाने एक-दोन लाइन वाढवून ठेवाव्यात. कार्यालयातल्या कार्यालयात होणाऱ्या बोलण्याला मात्र बाहेरची लाइन लागत नाही.

मोजणी करतानाच एकदा सगळ्या जागेत फिरून भिंतीवरचे प्रत्येक जॅक पाहावे. फॅक्स, कार्ड घेण्याचे जुने यंत्र, चोरीचा अलार्म, लिफ्टमधला मदतीचा फोन, दारावरचा इंटरकॉम यांपैकी काहीतरी फोन लाइनला जोडलेले असते आणि ते कोणाच्या लक्षात नसते. जुनी लाइन बंद केल्यावर अलार्म मुका झाल्याचे नेमके नको त्या दिवशी कळते.

दुसरी पायरी: यंत्रणेचे केंद्र कुठे असावे

कॉल आला की कोणत्या टेबलावर वाजवायचा, तो दुसऱ्याकडे कसा वळवायचा, कामाची वेळ संपल्यावर काय ऐकवायचे, हे ठरवणाऱ्या भागाला पीबीएक्स म्हणतात. तो आपल्या कार्यालयातल्या पेटीत असू शकतो किंवा एखाद्या सेवादात्याच्या संगणकावर दूर कुठेतरी असू शकतो.

जुन्या पद्धतीची ॲनालॉग पेटी अजूनही मिळते, आणि तारा आधीच टाकलेल्या असतील तर मोह होतो. आयती मिळाली आणि नीट चालत असेल तर ती वापरायला हरकत नाही, पण नव्याने तिच्यात पैसे घालू नयेत. अनेक देशांत तांब्याच्या तारांवरची सेवा हळूहळू गुंडाळली जात आहे. ब्रिटनमध्ये त्यासाठी आधी डिसेंबर २०२५ ची मुदत ठरली होती आणि नंतर ती जानेवारी २०२७ वर नेण्यात आली. शिवाय अशा पेट्यांसोबत येणारे बहुबटणी डिजिटल संच बहुधा त्याच उत्पादकाच्या पेटीवर चालतात. पेटी बिघडली की संचही अडगळीत जातात.

इंटरनेटवरून चालणाऱ्या यंत्रणेत संच आणि पीबीएक्स एकमेकांशी सिप नावाच्या खुल्या मानकाने बोलतात. या मानकाचे आज वापरात असलेले मूळ रूप २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते पाळणारा संच एका सेवादात्याकडून दुसऱ्याकडे नेता येतो. परवडणे या शब्दाचा माझ्या लेखी खरा अर्थ हाच आहे: उद्या सेवादाता बदलला, पीबीएक्स बदलला, तरी आज घेतलेली वस्तू फेकावी लागू नये. एखादा सेवादाता संच फुकट किंवा नाममात्र भाड्याने देत असेल, तर सेवा सोडल्यावर ते संच दुसरीकडे चालतील का, हे लेखी विचारून घ्यावे.

सेवादात्याकडचा पीबीएक्स घेतला तर माणशी मासिक शुल्क पडते आणि आपल्याला संच, स्विच व राउटर एवढेच विकत घ्यावे लागते. स्वतःचा पीबीएक्स ठेवायचा असेल, तर १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी सुरू केलेले ॲस्टेरिस्क हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे, आणि फ्रीपीबीएक्ससारख्या आवरणामुळे ते ब्राउझरमधून सांभाळता येते. पाच-सात एकाच वेळच्या कॉलना मोठा संगणक लागत नाही. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही हे काम होते. मात्र तिथे मेमरी कार्डावर विसंबू नये, कारण सतत लिहिले-पुसले गेल्याने कार्डे झिजतात. छोटी एसएसडी (जास्त टिकणारी साठवणूक) लावावी आणि सेटिंगची प्रत दुसरीकडे ठेवावी.

दोहोंत निवड करताना कागदावर दोन ओळी लिहाव्यात. एका ओळीत सेवादात्याचे मासिक शुल्क गुणिले ६० महिने, अधिक संचांची किंमत. दुसऱ्या ओळीत पेटी, संच, लाइनचे मासिक शुल्क गुणिले ६०, अधिक ती पेटी सांभाळणाऱ्या माणसाचा मोबदला. हा शेवटचा आकडा बहुतेक जण गाळतात, आणि म्हणून स्वतःची पेटी नेहमीच स्वस्त दिसते. कार्यालयात संगणकाची जाण असलेले, रविवारीही फोन उचलणारे कोणी नसेल, तर दहाएक माणसांपर्यंत सेवादात्याची यंत्रणाच घ्यावी, असे माझे मत आहे. इंटरनेटवरचे कॉल सार्वजनिक टेलिफोन जाळ्याला जोडण्याचे नियम देशोदेशी वेगळे असल्यामुळे आपली जोडणी नियमात बसते का, हेही याच टप्प्यावर सेवादात्याकडून लेखी घ्यावे.

तिसरी पायरी: जुने फोन आणि जुन्या लाइन

जुने साधे फोन टाकून द्यायची गरज नसते. त्यांना नव्या यंत्रणेशी जोडणारे छोटे अडॅप्टर मिळते, आणि गोदाम किंवा स्वयंपाकघर अशा धूळ-पाण्याच्या जागी नवा संच ठेवण्यापेक्षा जुना फोन अडॅप्टरवर चालवणे शहाणपणाचे ठरते. पण इथेच नवख्या माणसाची सर्वात जास्त फसगत होते, कारण दिसायला अगदी सारख्या अशा दोन जातींची भोके असतात. एफएक्सएस हे भोक फोनला डायल टोन आणि घंटी पुरवते. त्यात फोन लावायचा. एफएक्सओ हे भोक टेलिफोन कंपनीची लाइन स्वीकारते. त्यात भिंतीवरून आलेली तार लावायची. ओळखायची सोपी युक्ती अशी, की उपकरण चालू व सेट झालेले असताना भोकात साधा फोन लावून रिसीव्हर उचलावा. टोन आला तर ते एफएक्सएस.

अदलाबदल झाली तर नुसते काम अडते असे नाही. शांत लाइनवर सुमारे ४८ व्होल्ट आणि घंटी वाजताना ९० व्होल्टच्या आसपासचा दाब असतो. तो एफएक्सएस भोकात शिरला तर उपकरण जळू शकते. जुनी लाइन ठेवायची असेल तर एफएक्सओचे भोक आपल्या देशाच्या टोनवर सेट करता येते का, हेही पाहावे. ते सेट नसेल तर समोरच्याने फोन ठेवला हे पेटीला कळत नाही, आणि लाइन उगाच अडकून राहते.

चौथी पायरी: जाळे आणि वीज

अनेकांना वाटते, की फोनसाठी वेगवान इंटरनेट घ्यावे लागेल. प्रत्यक्षात आवाजाचा डेटा करण्याच्या रूढ जी.७११ पद्धतीचा एक कॉल इथरनेटवर, म्हणजे कार्यालयातल्या तारांच्या जाळ्यावर, प्रत्येक दिशेला सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट घेतो. पाच कॉल म्हणजे साडेचारशे किलोबिटही नाहीत. वेगापेक्षा सातत्याचा प्रश्न मोठा असतो. तोंडातून निघालेला शब्द समोरच्या कानात पडायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. कार्यालयातल्या कोणी मोठी फाइल वर चढवायला लावली, की आवाजाची पाकिटे, म्हणजे त्याच्या डेटाचे छोटे तुकडे, तिच्यामागे रांगेत अडकतात आणि बोलणे तुटक होते. म्हणून राउटर निवडताना आवाजाला प्राधान्य देण्याची सोय त्यात आहे का, हे पाहावे. महागड्या संचांपेक्षा या एका गोष्टीवर केलेला खर्च जास्त उपयोगी पडतो.

राउटरच्या सेटिंगमध्ये सिप एएलजी नावाच्या पर्यायापुढची खूण बहुधा आधीच चालू असते. तिने सिपच्या कॉलना मदत करावी अशी अपेक्षा असते, पण अनेक राउटर त्या नादात संदेश बिघडवतात. एका ठिकाणी समोरच्याचे सगळे ऐकू येत होते आणि आमचे त्याला काहीच पोहोचत नव्हते. आम्ही दोन दिवस संच बदलले, तारा बदलल्या, रिसीव्हरची दोरीसुद्धा बदलली. शेवटी राउटरमधली ती एक खूण काढली आणि पुढच्या कॉलला पलीकडून, ‘हां, आता येतोय आवाज,’ असे ऐकू आले. ही खूण बंद करता येत नाही असा राउटर फोनच्या कामासाठी घेऊ नये.

आता वीज. फोनला डेटा आणि वीज एकाच तारेतून देण्याच्या पद्धतीला पीओई म्हणतात. २००३ च्या ८०२.३एएफ या मानकानुसार स्विचचे एक भोक १५.४ वॅटपर्यंत देते आणि तारेतली घट धरून उपकरणाला १२.९५ वॅट मिळण्याची हमी असते. साध्या फोनला त्याचा थोडासाच भाग लागतो, म्हणून त्याहून ताकदीचा महाग स्विच केवळ फोनसाठी नको. पण स्विचच्या माहितीपत्रकात दोन आकडे बारकाईने वाचावेत: किती भोकांना वीज मिळते आणि सगळी मिळून किती वॅट. आठ भोकांचा म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त स्विचमध्ये कधी चारच भोके वीज देणारी असतात. पॅसिव्ह पीओई असे लिहिलेला स्विच फोनसाठी टाळावा, कारण तो उपकरणाला काय हवे ते न विचारता तारेत वीज सोडतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त तारही नको. तिच्यातून वीज नेताना घट जास्त होते. तारेची कमाल लांबी १०० मीटर धरावी.

वीज गेली की इंटरनेटवरचा फोन मुका होतो, म्हणून यूपीएसचा हिशेब आधीच करावा. उदाहरणार्थ, आठ फोन प्रत्येकी ४ वॅट म्हणजे ३२, स्विचचे स्वतःचे ८, राउटर १०, पीबीएक्सची पेटी १०; एकूण ६० वॅट. १२ व्होल्ट व ७ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीवर कागदोपत्री ८४ वॅट-तास असतात, पण घट धरता नव्या बॅटरीवर हा भार पाऊण तासाच्या आत-बाहेर चालतो, आणि बॅटरी जुनी झाली की त्याहून बराच कमी. स्विच एका खोलीत आणि राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर दोन्हीकडे यूपीएस लागेल. एकालाच आधार दिला तर उपयोग शून्य.

पाचवी पायरी: संच

आता कुठे संच. रोजच्या वापराला होल्ड व ट्रान्सफरची वेगळी बटणे, वाचता येईल असा साधा पडदा, हेडसेटचे भोक आणि जी.७२२ हा रुंद पट्ट्याचा आवाज एवढे पुरे. जी.७२२ मध्ये आवाजाचा पट्टा ७ किलोहर्ट्झपर्यंत जातो, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक कानाला स्पष्ट कळतो. अर्थात त्यासाठी दोन्हीकडच्या यंत्रणेने ते स्वीकारले पाहिजे. रंगीत पडद्यावर पैसे घालू नयेत. स्वागतकक्षातल्या एका संचावर मात्र थोडा जास्त खर्च करावा, कारण कोणती एक्स्टेंशन (कार्यालयातला आतला क्रमांक) मोकळी आहे हे दाखवणारे दिवे तिथे दिवसभर लागतात. यीलिंक, ग्रँडस्ट्रीम, फॅनव्हिल, स्नॉम अशा अनेक उत्पादकांचे सिप संच बाजारात आहेत. सगळे संच एकाच उत्पादकाचे घेतले तर सेटिंग एकदाच शिकावे लागते.

एक बारकावा दुकानात कोणी सांगत नाही. टेबलावर नेटवर्कची एकच तार असेल, तर ती फोनला लावून फोनच्या दुसऱ्या भोकातून संगणकाला पुढे देतात. स्वस्त संचांत हे दुसरे भोक सेकंदाला १०० मेगाबिटचेच असते, आणि एरवी गिगाबिटवर चालणारा संगणक त्यामुळे मंदावतो. मोठ्या फाइलींचे काम करणाऱ्यांच्या टेबलावर गिगाबिट भोकाचा संच द्यावा किंवा दुसरी तार टाकावी.

हिंडत काम करणाऱ्यांसाठी डेक्ट पद्धतीचे बिनतारी फोन घ्यावेत. इमारतीत ५० मीटर आणि मोकळ्यावर ३०० मीटरपर्यंत त्यांचा पल्ला धरतात, पण जाड भिंती व लोखंडी मांडण्या तो बराच खातात. डेक्टचा वारंवारितेचा पट्टा प्रदेशाप्रमाणे बदलतो; युरोपसाठी बनवलेला संच १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतो, तर अमेरिकेसाठीचा १९२० ते १९३० वर. परदेशातून स्वस्तात आणलेला संच आपल्याकडे वापरणे त्यामुळे बेकायदा ठरू शकते. ज्यांचे फोनचे काम अगदी थोडे आहे, त्यांना संच न देता मोबाइलवर सिपचे ॲप आणि एक चांगला हेडसेट दिला तरी भागते.

जुने संच घ्यावेत का? घ्यावेत, पण हातात घेऊन, चालू करून आणि फॅक्टरी रीसेट करून. मी एकदा सहा संच जवळजवळ कवडीमोलाने घेतले. प्रत्येक संच चालू झाला, इंटरनेटवर गेला आणि पडद्यावर आधीच्या मालकाच्या सेवादात्याचे चिन्ह दाखवून पासवर्ड मागत बसला. रीसेट केला तरी तेच, कारण संचाचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातच त्याला दिलेला ओळख क्रमांक, उत्पादकाच्या नोंदीत जुन्या सेवादात्याच्या नावावरच होता. त्या सहांच्या रिसीव्हरच्या दोऱ्या तेवढ्या पुढे कामी आल्या. शिवाय फार जुन्या संचांत आणखी एक खोच असते: सिस्को ७९४० आणि ७९६० यांच्या मूळ आवृत्त्या पीओईचे मानक येण्याआधीच्या असल्याने त्यांना आजच्या सर्वसाधारण स्विचवरून वीज मिळत नाही, वेगळा अडॅप्टर शोधावा लागतो.

सहावी पायरी: एक संच, एक आठवडा

सगळे संच एकदम मागवू नयेत. एकच आणावा, खऱ्या लाइनवर जोडावा आणि आठवडाभर वापरावा. समोरच्याला बारा-पंधरा अंक वाचून दाखवावेत आणि त्याने लिहिलेले परत वाचायला सांगावे. नुसते ‘ऐकू येतंय का’ विचारले तर सगळे ‘हो’च म्हणतात. एक कॉल मुद्दाम ३५ मिनिटे चालू ठेवावा, कारण सेटिंग चुकले असेल तर नेमके १५ किंवा ३० मिनिटांनी कॉल तुटतात. तासभर फोनला हात न लावता मग बाहेरून कॉल करावा. घंटी वाजली नाही, तर राउटर शांत फोनला विसरतो आहे असे समजावे आणि फोन पीबीएक्सकडे पुन्हा नोंद करतो तो नोंदणीचा कालावधी कमी करावा. कॉल चालू असताना भिंतीवरचा प्लग काढून यूपीएसही पाहावा.

याच आठवड्यात प्रत्येक संचाचा व पीबीएक्सचा मूळ पासवर्ड बदलावा, लागत नसतील तर परदेशी कॉल बंद ठेवावेत आणि सिपचे ५०६० हे पोर्ट (जाळ्यातून आत येण्याचे दार) इंटरनेटवर सरसकट उघडे ठेवू नये. उघड्या पीबीएक्सचा शोध घेणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात, आणि एका रात्रीत झालेले परदेशी कॉलचे बिल संपूर्ण यंत्रणेच्या किमतीहून मोठे असू शकते. आणीबाणीच्या क्रमांकावर कॉल केल्यास कोणता पत्ता दिसेल, हे सेवादात्याला विचारून तो पत्ता दुरुस्त करून घ्यावा.

आठवडा नीट गेला की उरलेले संच मागवावेत, आणि त्यांत एक जास्तीचा धरावा. तो आधीच सेट करून, मागे एक्स्टेंशन क्रमांकाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवावा. जुनी लाइन मात्र एवढ्यात बंद करण्याचा अर्ज देऊ नये. ग्राहकांना पाठ असलेला क्रमांक नव्या सेवादात्याकडे आला आहे आणि त्यावर बाहेरून केलेला कॉल आपल्या नव्या संचावर वाजतो आहे, हे दोन-तीन वेगवेगळ्या फोनवरून तपासल्यानंतरच तो अर्ज द्यावा, कारण आधी बंद केलेल्या लाइनचा क्रमांक परत मिळेलच असे नसते.